शीड धरा, वारा ओळखा!

आठवडाभर ऑफिसच्या एसीची हवा खाऊन वैतागलात? मग गोव्याच्या पुढच्या ट्रिपमध्ये शॅकवर लोळता लोळता एक सकाळ नाही, एक दुपार विंडसर्फिंगसाठी काढा. दुपारच का, ते पुढे येतंच!

सर्फबोर्डवर उभं राहायचं, हातात शीड धरायचं आणि निव्वळ वाऱ्याच्या जोरावर पाण्यावरून सुसाट सुटायचं. ना इंजिन, ना पेट्रोलचा वास. १९८४ पासून हा खेळ ऑलिम्पिकमध्ये आहे. २०२३ मध्ये झालेल्या हांगझोऊ एशियन गेम्समध्ये आपल्या ईबाद अलीने यात ब्राँझ मेडल पटकावलं.

फंडा काय?

बोर्डला सुकाणू नसतं. डोलकाठी एका लवचिक जॉइंटवर बसवलेली असते, त्यामुळे ती कुठेही झुकते. शीड मागे झुकवलं की बोर्डचं नाक वाऱ्याच्या दिशेने वळतं, पुढे झुकवलं की वाऱ्यापासून लांब जातं. बस्स, हेच स्टिअरिंग!

सुरुवात कमरेइतक्या पाण्यात. गुडघे टेकून बोर्डवर चढा, डोलकाठीच्या दोन बाजूंना दोन पाय, पाठ वाऱ्याकडे. मग दोरीने शीड पाण्यातून वर ओढायचं. जोर कमरेचा नाही, पायांचा. आधी ते मणभर वाटतं, पण पाणी निथळलं की एकदम हलकं होतं आणि बेसावध माणूस धप्पकन मागे पडतो. पहिल्या दिवशी हे अनेकदा होणार, लाजायचं काही नाही. शीड उभं राहिलं की आधी पुढचा हात आडव्या दांड्यावर, म्हणजे बूमवर, मग मागचा. मागचा हात जरा आत ओढला की शीडात वारा भरतो आणि बोर्ड चालायला लागतो. घाबरलात? मागचा हात सोडा. वारा निघून जातो, वेग उतरतो.

जाणं सोपं, येणं कठीण

वाऱ्याच्या थेट तोंडावर बोर्ड चालत नाही. तिरकं, नागमोडी जावं लागतं आणि नवशिक्याला ते लगेच जमत नाही. तो वाऱ्याबरोबर वाहत जातो. म्हणून शाळेतल्या भूगोलातले खारे वारे आणि मतलई वारे आठवा. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर सकाळी वारा बरेचदा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. काठाजवळ पाणी छान सपाट दिसतं, पण तोच वारा तुम्हाला आत ओढून नेतो. दुपारी समुद्राकडून वारा सुटतो, तो चुकलेल्यालाही किनाऱ्याकडे आणतो. तेव्हा इन्स्ट्रक्टरला आधी फी नाही, वाऱ्याची दिशा विचारा!

हे लक्षात ठेवा

• वारा ६ ते १० नॉट्स, म्हणजे ताशी साधारण ११ ते १८ किलोमीटर असावा.
• बोर्ड रुंद आणि शीड छोटं मागा.
• पोहता येत असलं तरी लाइफ जॅकेट मस्ट!
• पावसाळ्यात समुद्राच्या वाटेला जाऊ नका.
• अडकलात तर बोर्ड सोडून पोहत सुटू नका, तो तरंगतो. त्यावर बसा आणि दोन्ही हात बाजूला पसरून सावकाश वर-खाली हलवा. मदत हवी असल्याची ही खूण आहे.