लाट एक, वाटेकरी दोन

हवाई बेटांपैकी माउईच्या उत्तर किनाऱ्यावरील होओकिपा येथे समुद्राची वाटणी घड्याळाने केली आहे. सकाळी अकरापर्यंत लाटा सर्फरांच्या. शीड लावलेल्या फळ्यांनी, म्हणजे विंडसर्फरांनी, त्यानंतर पाण्यात उतरावे. हा तोडगा टिकला याचे श्रेय माणसांच्या समजूतदारपणाला जितके, तितकेच ईशान्येकडून येणाऱ्या व्यापारी वाऱ्यांनाही द्यावे लागेल. हे वारे बहुधा दिवस वर आल्यावरच जोर धरतात. शीडवाल्यांनी सकाळ सोडली खरी. पण ती त्यांच्या फारशी उपयोगाची नव्हतीच!

त्याच किनाऱ्यावर पूर्वेला पेआही आहे. उत्तर पॅसिफिकमधील हिवाळी वादळांनी उठविलेल्या लाटा तेथे पंधरा मीटरांहूनही उंच होतात. असे दिवस वर्षातून मोजकेच. ते आले की दूरदूरचे लाटस्वार तेथे धाव घेतात, आणि मग सकाळ कोणाची व दुपार कोणाची हा हिशेब मागे पडतो. त्यात आता पतंगाची भर पडली आहे. ब्रुनो व दॉमिनिक लगेन्यू या फ्रेंच बंधूंनी १९८४ मध्ये हवेने फुगणाऱ्या पतंगाचे पेटंट नोंदविले. त्यातूनच पुढे काइटसर्फिंग फोफावले, आणि पतंगाच्या ओढीने फळीवर धावणारे स्वार थेट या राक्षसी लाटांपर्यंत पोहोचले.

सर्फिंगचा सर्वमान्य दंडक असा की, लाट जेथे प्रथम फुटते त्या टोकाच्या सर्वांत जवळ जो असेल, त्याची ती लाट. इतरांनी ती सोडावी. नियम न्याय्य आहे, परंतु तो समबळ माणसांमध्ये ठरलेला आहे. हातांनी पाणी कापत जाणाऱ्या सर्फरला लाट उभी राहून कोसळण्याच्या बेतात येईपर्यंत थांबावे लागते. पतंगवाला मात्र ती दूरवर नुसता फुगवटा असतानाच तिच्यावर स्वार होतो. नियमाचे अक्षर पाळूनही प्रत्येक लाट त्याच्याच पदरात पडेल. याला वाटणी कशी म्हणावी?

प्रश्न केवळ हक्काचा असता तर वादावर भागले असते. पतंगाच्या दोऱ्या वीस मीटरांच्या आसपास लांब असतात. संक्रांतीला गच्चीवर उभ्या राहणाऱ्या पोरालाही मांज्याची धार ठाऊक असते. येथे दोरीला काच लावलेली नसली तरी तिच्यावर माणसाचा सारा भार तोललेला असतो. उतारावरून स्वार पतंगाच्याच दिशेने वेगाने सुटला की दोऱ्या सैल पडतात, पतंग कोसळू शकतो. तो फुटत्या लाटेत पडला तर फेसात धडपडणाऱ्या सर्फरच्या गळ्याभोवती किंवा पायाभोवती दोरीचा विळखा बसायला क्षणही पुरे. पतंग झटकन सोडून देण्याची कळ असते. पण ती स्वाराला वाचविते, सुटलेल्या दोऱ्यांच्या वाटेतील माणसाला नव्हे.

समुद्र कोणाच्या मालकीचा नाही, हा पतंगवाल्यांचा युक्तिवाद खोडून काढण्याजोगा नाही. जुन्या हवाईत काही लाटा सरदारवर्गासाठी राखीव असत, असे सांगतात. ज्या कापू निर्बंधांवर ही व्यवस्था उभी होती, ते १८१९ मध्येच मोडले. आज सर्फरांनी नवे सरदार होऊ नये, हे रास्तच. तथापि येथे ज्याला पर्याय अधिक, त्याने मागे सरावे हेच योग्य. वारा घेऊन पतंगवाला दुसऱ्या खडकावरची, गर्दीपासून दूरची लाट गाठू शकतो. सर्फरला ती एकच जागा असते.

याला पेआहीतच दाखला आहे. १९९० च्या दशकात लेअर्ड हॅमिल्टन व त्याचे सोबती तेथे यांत्रिक वाहनाने ओढून घेऊन लाटांवर उतरत. अशा लाटा केवळ हातांच्या बळावर पकडणे अशक्य मानले जाई. पुढे तेही साधले, आणि हातांनी जाणारे पाण्यात असताना ओढून घेणाऱ्यांनी बाजूला राहावे असा प्रघात पडला. यंत्राला जे जमले ते पतंगाला का जमू नये? बुडणाऱ्याला बाहेर काढणारी जेट-स्की मात्र दोघांसाठीही सज्ज हवी, आणि तिच्या चालकाला पतंगाच्या दोऱ्या कापता आल्या पाहिजेत.