यकृताचा अहवाल आणि रुग्णाचे जगणे

ताप तापमापीने मोजतात, वजन काट्यावर. पण दीर्घकाळ आजारी असलेल्या माणसाचे जगणे कसे चालले आहे, हे मोजता येते का? यकृताच्या विकारांच्या निमित्ताने हा प्रश्न आपण समजावून घेऊ.

हिपॅटायटिस बी किंवा सी या विषाणूंमुळे, दारूमुळे किंवा चरबी साठल्यामुळे यकृताला वर्षानुवर्षे इजा होत राहते. निरोगी पेशींच्या जागी व्रणासारखे तंतू वाढतात आणि पुढे सिरॉसिस होऊ शकतो. त्याची तीव्रता ठरवण्यासाठी चाइल्ड-प्यू गुणांकन वापरतात. रक्तातील बिलिरुबिन, अल्ब्युमिन, रक्त गोठण्याचा वेळ, पोटात साठलेले पाणी आणि मेंदूवरील परिणाम या पाच बाबींना प्रत्येकी १ ते ३ गुण देतात. बेरीज ५ ते १५ येते. गुण जास्त तितकी स्थिती गंभीर.

आता शिरूर अनंतपाळ तालुक्यातील एका शेतकऱ्याची कल्पना करू. लातूरला केलेल्या तपासणीत त्याचे गुण मागच्या वेळेइतकेच आले. पण त्याला रात्री झोप नाही, अंगाला खाज सुटते, सोयाबीनचे पोते उचलवत नाही. घरच्यांना वाटते, अहवाल ठीक आहे म्हणजे हा अंग चोरतो. वस्तुतः अहवालही खरा आणि त्याची तक्रारही खरी. खाज आणि थकवा यांना या पाच बाबींत जागाच नाही.

ही उणीव भरून काढण्यासाठी युनोसी आणि सहकाऱ्यांनी १९९९ साली यकृतरुग्णांसाठी खास प्रश्नावली प्रसिद्ध केली. तिच्यात २९ प्रश्न आहेत. थकवा, हालचाल, भावना, पोटाच्या तक्रारी, शरीराच्या इतर तक्रारी आणि काळजी असे त्यांचे सहा गट आहेत. गेल्या दोन आठवड्यांत त्रास किती वेळा झाला, हे रुग्ण सांगतो. सतत झाला तर १ गुण, मुळीच नाही तर ७. थकव्याच्या पाच प्रश्नांना ३, २, ४, ३, ३ असे गुण मिळाले, तर सरासरी ३ येते. उपचारानंतर ती ४ झाली, तर थकवा कमी झाला असे आकड्यांत दिसते.

पण नुसते प्रश्न जमवले म्हणजे मोजमाप होत नाही. प्रकृती बदलली नसेल तर पुन्हा विचारल्यावर उत्तरे जवळपास तीच यावीत. बदलली असेल तर गुणही बदलावेत. आणि जे मोजायचे तेच मोजले जावे. तापमापीकडूनही आपण हीच अपेक्षा करतो.

भाषेचाही प्रश्न असतो. दमणे, गळून जाणे, मरगळ येणे यांत फरक आहे. कामाने दमलेला माणूस विश्रांतीने ताजा होतो. यकृतरुग्णाचा थकवा झोपेनंतरही उरू शकतो. म्हणून एकाने मराठीत केलेले भाषांतर, मूळ न पाहिलेल्या दुसऱ्याकडून परत मूळ भाषेत करून घेतात आणि दोन्ही ताडून पाहतात. मग काही रुग्णांना विचारून त्यांना काय अर्थ समजला, तेही तपासतात. वाचता न येणाऱ्याला प्रश्न वाचून दाखवावे लागतात. अशा वेळी नातेवाइकांनी त्याच्या वतीने उत्तर देऊ नये.

वर्गात हा प्रयोग सहज करता येईल. ‘दप्तराच्या ओझ्याचा त्रास’ या विषयावर विद्यार्थ्यांकडून पाच प्रश्न तयार करून घ्यावेत. आठ दिवसांनी तेच प्रश्न त्याच मुलांना पुन्हा विचारावेत. उत्तरे जुळत नसतील, तर त्रास बदलला की प्रश्नच संदिग्ध होता, याचा शोध मुलांनाच घेऊ द्यावा.