दाणा कोणत्या दाराने आला?

शेंगदाण्याचं कूट नसेल तर आपण साबुदाण्याच्या खिचडीला खिचडी म्हणत नाही. तोच दाणा लंडनमधल्या एखाद्या पोराच्या जिभेला लागला की मिनिटांत ओठ सुजतात, अंगावर गांधी उठतात, श्वास कोंडतो आणि मांडीत अ‍ॅड्रिनॅलिन टोचायची वेळ येते. एवढ्याशा दाण्याने शरीराचं काय घोडं मारलं?

लंडनचे बालअ‍ॅलर्जीतज्ज्ञ गिडियन लॅक इस्रायलमध्ये व्याख्यानाला गेले होते. दाण्याच्या अ‍ॅलर्जीची मुलं कुणाकुणाकडे येतात, असं त्यांनी समोरच्या डॉक्टरांना विचारलं, तर मोजकेच हात वर आले. लॅक चक्रावले. पुढे 2008 मध्ये आकडे आले: ब्रिटनमधल्या ज्यू मुलांत ही अ‍ॅलर्जी इस्रायली मुलांच्या सुमारे 10 पट होती. वंश एक, मग फरक कशाचा? इस्रायलमध्ये बाळाच्या मुठीत लवकरच ‘बांबा’ येतो: दाण्याचा, कुरमुऱ्यासारखा फुललेला, जिभेवर विरघळणारा खाऊ. ब्रिटनमध्ये मात्र 1998 पासून सरकारी सल्ला होता की जोखमीच्या मुलांना 3 वर्षांचं होईपर्यंत दाणा दाखवूच नका.

लॅक यांनी 4 ते 11 महिन्यांची 640 बाळं घेतली. कुणाला जोराचा इसब, कुणाला अंड्याची अ‍ॅलर्जी. निम्म्यांना दाण्याचे पदार्थ नियमित दिले, निम्म्यांना बंद. 2015 मध्ये निकाल छापून आला. पाचव्या वर्षी पथ्य पाळणाऱ्यांत सुमारे 17 टक्के मुलांना अ‍ॅलर्जी निघाली, खाणाऱ्यांत 3 टक्के. म्हणजे पथ्यच बाधलं!

त्यामागचा लॅक यांचा तर्क मला निकालाहून विलक्षण वाटतो. कूट केलेला हात इसबाने चिरलेल्या गालावरून फिरला, की दाण्यातली प्रथिनं कातडीच्या भेगेतून आत शिरतात. या वाटेने येणारा तो चोरच, असं शरीर धरून चालतं. त्याच्या नावाची आयजीई प्रतिद्रव्यं बनतात आणि मास्ट पेशींवर दबा धरून बसतात. पुन्हा दाणा आला की त्या पेशी हिस्टामाइन ओततात. आतड्याला मात्र रोजच परकं अन्न पचवायचं असतं. तोंडावाटे आधी आलेल्या दाण्याला ते बिनबोभाट घरात घेतं.

म्हणून लगेच बाळाच्या हाती अख्खा दाणा देऊ नका, तो घशात अडकेल. बारीक पूड पेजेत कालवून चालते. इसब जोरात असेल किंवा अंडं बाधत असेल, तर आधी डॉक्टरांकडून तपासणी. आणि ज्याला दाणा एकदा बाधलाय, त्याच्यावर घरच्या घरी प्रयोग अजिबात नाही.