पंधरा सेकंद कोंडलेला श्वास

यंत्र माणसाच्या हातात देण्याआधी मी ते सिलिंडरला लावते. पाण्याच्या बाटलीएवढा सिलिंडर, त्यात हवेत मिसळलेला कार्बन मोनॉक्साइड, प्रमाण २० पीपीएम. म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत या वायूचे वीस भाग. नळी जोडायची, चावी हलकेच सोडायची आणि आकडा चढताना बघत बसायचं. तंबाखूमुक्ती केंद्रात समुपदेशक म्हणून मी टेबलावरचं मोठं यंत्र बरीच वर्षं वापरलं आहे. या वेळी समोर तीन छोटी यंत्रं होती, काडेपेटीहून जरा मोठी, फोनला जोडून घरच्या घरी वापरायची. पेशंटला देण्याजोगी आहेत का, ते मला पाहायचं होतं.

पहिल्यानं १९ दाखवले, दुसऱ्यानं २०. तिसरं १५ वर अडकलं. पुन्हा वायू सोडला, पुन्हा १५. ते डब्यात घालून बाजूला ठेवलं. पाचाचा फरक ऐकायला किरकोळ वाटतो, पण इथे सगळा हिशोबच लहान आकड्यांचा आहे. सहापर्यंत हिरवा, सात ते नऊ पिवळा, दहापासून पुढे लाल. पाच कमी दाखवणारं यंत्र दिवसाला चार सिगारेटी ओढणाऱ्याला बेधडक हिरवा दिवा दाखवील आणि तो निश्चिंत होऊन पाचवी पेटवील.

आतली करामत तशी साधी आहे. नाण्याएवढा एक सेन्सर असतो, त्यात प्लॅटिनमसारख्या धातूचा इलेक्ट्रोड. कार्बन मोनॉक्साइड तिथे पोचला की त्याचा कार्बन डायऑक्साइड होतो आणि इलेक्ट्रॉन सुटतात. वायू जितका जास्त, तितका विजेचा प्रवाह जास्त. खरी गोम यंत्रात नाही, फुंकण्यात आहे. आपण सोडलेल्या श्वासातला पहिला भाग नुसता श्वासनलिकेत जाऊन आलेला असतो, त्याची रक्ताशी गाठच पडलेली नसते. फुप्फुसाच्या तळाची हवा हवी असेल, तर खोल श्वास घ्यायचा, पंधरा सेकंद कोंडायचा आणि मग सावकाश, अगदी पोट आत जाईपर्यंत सोडत राहायचा. त्या पंधरा सेकंदांत रक्तातला वायू आणि फुप्फुसातली हवा यांचा मेळ बसतो. रक्त न काढता रक्ताची बातमी मिळते ती अशी.

पंधरा सेकंद लांबलचक असतात. नवव्या-दहाव्या सेकंदाला डोळे मोठे होतात, गाल फुगतात, काही जण हातानंच ‘झालं का?’ विचारतात. मी बोटांवर मोजून दाखवते. घरी मोजून दाखवायला मी नसणार, म्हणून ॲपमधले उलटे आकडे लांबूनही वाचता येतील एवढे मोठे आहेत का, हेही मी तपासलं. होते.

पहिल्याच दिवशी माझी स्वतःची एक चूक झाली. सवयीनं हाताला सॅनिटायझर चोळला आणि लगेच यंत्र उचलून फुंकलं. आयुष्यात सिगारेट न ओढलेल्या बाईचा आकडा ११! अल्कोहोलची वाफ सेन्सरला फसवते, हे मला ठाऊक होतं. हात ते विसरले. साबणानं हात धुऊन, वीस मिनिटांनी फुंकल्यावर २ आला. तेव्हापासून यंत्राच्या खोलीत सॅनिटायझर ठेवत नाही.

अशीच चूक पूर्वी एकदा मी दुसऱ्याच्या बाबतीत केली होती आणि ती मला आजही बोचते. एक तरुण मुलगा, सिगारेट सोडून तीन आठवडे झालेले. टेबलावरच्या यंत्रात आकडा १२. आठवड्यानं पुन्हा १३. तो म्हणाला, ‘मॅडम, एकही ओढली नाही.’ मी म्हणाले, ‘काल किती झाल्या, तेवढं सांग.’ तो उठून गेला आणि महिनाभर आला नाही. आमच्या डॉक्टरांनी मग वेगळाच प्रश्न विचारला : सकाळी काय खातो तो? तो रोज सकाळी मोठा ग्लास भरून दूध पीत होता आणि ते त्याला पचत नव्हतं. न पचलेली दुधातली साखर आतड्यातले जिवाणू आंबवतात, त्यातून हायड्रोजन सुटतो, तो रक्तातून श्वासात येतो आणि अनेक सेन्सर त्यालाच कार्बन मोनॉक्साइड समजतात. ही गोष्ट १९९० सालीच वैद्यकीय नियतकालिकात छापून आली होती. मी वाचली नव्हती. मी फोन करून त्याची माफी मागितली. दोन दिवस दूध बंद करून तो आला, आकडा ३.

छोटी यंत्रं आली तेव्हा पहिला फोन त्यालाच केला. तो हसत आला, रिकाम्या पोटी फुंकलं, ३. मग माझ्यासमोर दूध प्यायला आणि दोन तासांनी पुन्हा फुंकलं. एका यंत्रात ८, दुसऱ्यात ९. म्हणजे ही यंत्रंही फसतात. दूध न सोसणाऱ्यांसाठीची सूचना मी यंत्राच्या पाकिटावर मराठीत, ठळक अक्षरांत चिकटवली.

घरी वापरून पाहायला मी पहिलं यंत्र दिलं ते एका वॉचमन काकांना. रात्रपाळी, रात्रीत बिडीचं एक बंडल. बिडीचं तेंदूपान सिगारेटच्या कागदासारखं सच्छिद्र नसतं, ओढत राहिलं नाही तर ती विझते, म्हणून झुरके जास्त आणि जोराचे. तरीही केंद्रात त्यांचा आकडा कायम ९, फार तर १०. ते म्हणायचे, ‘ताई, माझं काही एवढं नाही बघा.’ मलाही उलगडा होत नव्हता.

पाच दिवसांनी त्यांनी फोन पुढे केला. पहाटे पाच वाजता २७. सकाळी सात वाजता २८. दुपारी तीनला, झोपून उठल्यावर १०. केंद्रात ते यायचे चार वाजता! हा वायू हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशेपटींहून घट्ट धरतो, तरी धूर थांबला की साधारण चार-पाच तासांत निम्मा उतरतो, झोपेत जरा सावकाश. मी इतके महिने त्यांचं उतरलेलं रक्त बघत होते. खाणीतल्या मृत्यूंचा छडा लावणारे शास्त्रज्ञ जॉन स्कॉट हाल्डेन यांनी १८९५ च्या सुमारास हा वायू स्वतः हुंगला आणि स्वतःच्या रक्तात तो किती भिनला ते मोजत गेले. खिशातल्या यंत्रानं काकांनीही तेच केलं होतं, आपलंच रक्त आपणच वेळोवेळी पाहिलं होतं.

‘अठ्ठावीस म्हणजे किती हो ताई?’

मी सांगितलं, रक्तातल्या शंभर जागांपैकी पाचेक जागा धुरानं अडवलेल्या. प्राणवायूला तिथे बसायला जागा नाही.

ते बराच वेळ पडद्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, ‘तीन वाजताचा दहा आहे, तो न ओढता झाला ना?’ हो म्हटलं. ‘झोपेत?’ हो. ‘म्हणजे शरीर करतंय त्याचं काम.’ इतक्या वर्षांच्या समुपदेशनात मी ही गोष्ट शंभरदा सांगितली असेल, पण समोरच्यानं आपणहून मला सांगितली ती त्या दिवशी. माणसाला पकडण्यासाठी हे यंत्र वापरू नये, असं मला त्या मुलाच्या वेळी पटलं होतं. ते कोणाच्या हातात असावं, ते काकांनी दाखवलं.

दोन आठवड्यांनी यंत्र परत आणायला मी त्यांच्या खोलीवर गेले. सोसायटीच्या पार्किंगला लागून एक खोली, ओट्यावर गॅस. सकाळी सातचा आकडा १४ वर आला होता, बंडल दोन रात्री पुरत होतं. काकू चहा ठेवता ठेवता म्हणाल्या, ‘मी पण फुंकू का?’ मी पुठ्ठ्याची नवी नळी लावली. त्यांनी नीट पंधरा सेकंद श्वास कोंडला, काकांपेक्षा छान. आकडा २, पडदा हिरवागार.

‘बघा, मला काही नाही,’ काकू काकांना म्हणाल्या आणि हसल्या. दात काळपट होते.

या यंत्राला तंबाखूचा फक्त धूर कळतो. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातले ३.८ टक्के प्रौढ धूम्रपान करणारे होते. तंबाखू चघळणारे, बार भरणारे, मशेरी लावणारे असे बिनधुराचे २४.४ टक्के.

मी फोन पालथा ठेवला. ‘काकू, मशेरी घरीच भाजता की विकत आणता?’

त्यांनी फळीवरचा डबा काढला.