हिवाळा आणि कुरळे केस

मार्गशीर्ष लागला कीं आमच्या घरीं सकाळच्या चहाबरोबरच रडणें ऐकूं येई. ओटीवर आमची पुतणी आजीपुढें बसलेली, आजीच्या हातांत बारीक दांतांची फणी, आणि मुलीच्या डोळ्यांत पाणी. इतर मुलींचे केस सरळ. हिचे एकटीचे कुरळे. थंडींत ते राठ होत, फणींत तुटत, आणि बोल लागे तो मुलीलाच: "हिचे केसच मुळीं हट्टी!" पुढें तीही तसेंच मानूं लागली, आणि चवदाव्या वर्षीं केस कापून टाका म्हणून हटून बसली. तेव्हां कोठें आमचे डोळे उघडले. दोष केसांचा नव्हता. आमच्या पद्धतीचा होता.

आपल्या काव्यांत नायिकेच्या कुरळ्या केसांचें कोण कौतुक! पण तेच केस घरांतील मुलीच्या माथ्यावर आले कीं त्यांना झिंज्या म्हणावयास आपण मागेंपुढें पाहत नाहीं.

केसाचें मूळ त्वचेखालीं ज्या नळींत असतें, ती वांकडी असली म्हणजे केस वळत वाढतो. हा गुण आनुवंशिक आहे. टाळूंतून पाझरणारा स्निग्धांश सरळ केसावरून टोंकापर्यंत सहज उतरतो. कुरळ्या केसाच्या वळणांवर तो अडतो. म्हणून असा केस मुळाशीं तेलकट असला तरी टोंकाशीं कोरडाच राहतो. त्यांत देशावरील हिवाळ्याची कोरडी हवा उरलासुरला ओलावा ओढून घेते, आणि आपण कढत पाणी ओतून राहिलेला स्निग्धांशही धुवून टाकतों.

उपाय घरांतच आहे. खोबरेल सुमारें २४ अंश सेल्सिअसखालीं थिजतें. तेव्हां तेलाची वाटी गरम पाण्यांत ठेवून तें पातळ करावें, आणि न्हाण्यापूर्वी तास-दोन तास केसांच्या लांबीला, विशेषतः टोंकांना, लावावें. ही केवळ आजीबाईची समजूत नव्हे. मुंबईच्या संशोधकांनीं २००३ सालीं खोबरेल, सूर्यफुलाचें तेल व खनिज तेल यांची तुलना प्रसिद्ध केली. केसांतील प्रथिनांची झीज लक्षणीय कमी करणारें त्यांत एकटें खोबरेलच ठरलें. कारण तें केसाच्या आंत शिरूं शकतें. मात्र कोंडा झाला असल्यास टाळूवर तेल मुरवीत ठेवूं नये. तो तेलानें बरा होत नाहीं, उलट वाढूं शकतो. अशा वेळीं डॉक्टरांस दाखवावें.

न्हाणें कोमट पाण्यानें, आठवड्यांतून एकदां, फार तर दोनदां. शिकेकाई वापरावयाची तर ती उकळून, गाळून घ्यावी. भुकटीचे कण कुरळ्या केसांत अडकून बसतात. रिठा जपून वापरावा, तो केस फार कोरडे करतो. मग पंचानें खसाखसा न पुसतां जुन्या धोतराच्या मऊ तुकड्यानें पाणी टिपावें. केस दमट असतांनाच तळहाताला दोन थेंब तेल लावून तें टोंकांवरून फिरवावें, आणि मोठ्या दांतांच्या कंगव्यानें आधीं टोंकें, मग मधला भाग, शेवटीं मुळें, अशा क्रमानें गुंता सोडवावा. ओला केस ताणल्यास तुटतो, म्हणून घाई नको. पण कुरळा केस अगदीं कोरडा असतांना विंचरणें त्याहूनही वाईट. रात्रीं सैल वेणी घालावी, आणि उशीवर जुन्या रेशमी पातळाचा तुकडा घालावा, म्हणजे घर्षण कमी होतें.

केस सरळ करून घेण्याचा मोह मुलींना होतो. त्यासाठीं वापरल्या जाणाऱ्या कांहीं द्रव्यांतून, तीं तापविलीं असतां, फॉर्माल्डिहाइड वायु निघतो, आणि तो कर्करोगकारक म्हणून गणला गेला आहे. शिवाय मुळाशीं येणारा नवा केस पुन्हा कुरळाच येतो.

आमच्या पुतणीनें केस कापले नाहींत. दोन हिवाळे असे काळजीनें गेले, आणि फणींतलें तुटणें पुष्कळ कमी झालें. परवां तिच्या केसांना तेल लावतां लावतां आजी एकदम थांबल्या आणि म्हणाल्या, "अग, माझ्या आईचे केस अगदीं असेच होते." इतकीं वर्षें त्यांनीं हें कधीं सांगितलें नव्हतें. मुलगी मात्र त्या दिवशीं आरशापुढें नेहमींपेक्षां जरा अधिक वेळ उभी राहिली.

ज्यांच्या घरीं अशी एखादी मुलगी असेल त्यांस आमचें सांगणें एवढेंच: आधीं फणी बदला, आणि तिला बोल लावणें सोडा.