टायटॅनियमचं भांडं की घरातला टोप? ट्रेकची खरेदी करण्याआधी हे गणित बघा

ॲपलने २०२३ मध्ये आयफोन १५ प्रोला टायटॅनियमची फ्रेम दिली आणि दोनच वर्षांनी, २०२५ च्या आयफोन १७ प्रोसाठी, कंपनी पुन्हा ॲल्युमिनियमवर आली. यामागचं एक मोठं कारण होतं उष्णता. ॲल्युमिनियम उष्णता पटकन पसरवतं, टायटॅनियमला ते जमत नाही.

ट्रेकसाठी भांडं घेतानाही नेमका हाच मुद्दा येतो. ऑनलाइन दुकानांत 'अल्ट्रालाइट टायटॅनियम पॉट' काही हजारांना मिळतो. फोटोत एकदम भारी दिसतो. पण तो तुमच्या कामाचा आहे का?

थोडक्यात उत्तर: फक्त पाणी उकळायचं असेल आणि एकटे किंवा दोघंच बरेच दिवस चालणार असाल, तर हो. खिचडी, पोहे करायचे असतील किंवा आठ-दहा जणांचा ग्रुप असेल, तर नाही. आता का ते बघू.

हलकं म्हणजे नक्की किती?

बऱ्याच जणांना वाटतं की टायटॅनियम हा ॲल्युमिनियमपेक्षा हलका धातू आहे. तसं नाही. एक घनसेंटीमीटर ॲल्युमिनियमचं वजन २.७ ग्रॅम, टायटॅनियमचं ४.५ ग्रॅम आणि स्टीलचं जवळपास ८ ग्रॅम. म्हणजे टायटॅनियम उलट जड आहे! पण ते खूप मजबूत असल्यामुळे त्याचा पत्रा पातळ ठेवता येतो. भांडं हलकं होतं ते त्यामुळे.

१० सेंमी रुंद आणि १० सेंमी उंच भांडं घ्या. त्यात काठोकाठ साधारण ७८५ मिली पाणी मावतं. तळ आणि बाजू मिळून पत्रा लागतो सुमारे ३९३ चौ. सेंमी. झाकण आणि हँडल सोडून वजन असं येतं:

- टायटॅनियम, ०.४ मिमी पत्रा: सुमारे ७१ ग्रॅम
- ॲल्युमिनियम, १ मिमी पत्रा: सुमारे १०६ ग्रॅम
- स्टील, ०.५ मिमी पत्रा: सुमारे १५७ ग्रॅम

स्टीलच्या तुलनेत वजन निम्म्याहून कमी, हे खरं. पण ॲल्युमिनियमच्या तुलनेत वाचले फक्त ३५ ग्रॅम. तुमचा फोनच २०० ग्रॅमच्या आसपास असतो. एका रात्रीच्या ट्रेकला २०,००० एमएएचची पॉवर बँक घरी ठेवून १०,००० ची नेलीत, तर यापेक्षा कितीतरी जास्त वजन कमी होईल, तेही फुकटात.

मग खिचडी का करपते?

उष्णता वाहून नेण्याच्या क्षमतेत ॲल्युमिनियम टायटॅनियमच्या दहापटीहून पुढे आहे. फोनमध्ये प्रोसेसर एका जागी तापतो, म्हणून ती उष्णता पसरवायला आत ग्राफाइटचा थर किंवा व्हेपर चेंबर देतात. टायटॅनियमच्या पातळ तळाला असं काहीच नसतं. बर्नरची ज्योत जिथे लागते तिथेच तो भयंकर तापतो, बाजूला उष्णता जातच नाही.

पाण्याला याने फरक पडत नाही. तळाचं गरम पाणी वर येतं, वरचं थंड पाणी खाली जातं आणि उष्णता आपोआप पसरते. पण खिचडी घट्ट असते, तळाचा भात हलत नाही. त्या एका ठिपक्यावर तो चिकटतो आणि करपतो. चहा, सूप, पातळ मॅगी चालेल. फोडणी, पोहे, ऑम्लेट विसरा.

टायटॅनियमच्या जमेच्याही बाजू आहेत. ते गंजत नाही आणि कोकम, चिंच, टोमॅटोने त्याला काही होत नाही. साध्या ॲल्युमिनियमवर आंबट पदार्थांचा परिणाम होतो, म्हणून त्यात घ्यायचं तर हार्ड ॲनोडाइज्ड घ्या. ज्योतीवर टायटॅनियम निळं-सोनेरी होतं, तो फक्त ऑक्साइडचा पातळ थर असतो. भांडं खराब झालेलं नसतं.

घ्यायचंच ठरलं तर

माप: एकट्याला ७५० मिली, दोघांना ९०० ते ११०० मिली. उकळी येताना उतू जातं, म्हणून काठोकाठ भरण्याचा हिशेब धरू नका.

आकार: रुंद भांडं ज्योत जास्त पकडतं, उंच भांडं सॅकमध्ये नीट बसतं. साडेनऊ सेंमी रुंदीच्या भांड्यात गॅसचा छोटा कॅन आत ठेवता येतो.

एकपदरी की दुपदरी: दुपदरी मग ज्योतीवर कधीही ठेवू नका. दोन पदरांमधली कोंडलेली हवा तापून तो फुटू शकतो.

असली की नकली: लोहचुंबक इथे उपयोगाचा नाही, कारण ॲल्युमिनियम आणि बरंचसं स्टीलही त्याला चिकटत नाही. आधी भांड्याचं वजन करा. मग किचनच्या डिजिटल काट्यावर पाण्याने भरलेलं मोठं पातेलं ठेवून आकडा शून्य करा. भांडं दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडवा, तळाला टेकू देऊ नका, आत हवा अडकू देऊ नका. काटा जितके ग्रॅम दाखवेल तितके घनसेंटीमीटर धातू. वजनाला त्याने भागा. उत्तर साडेचारच्या आसपास आलं तर टायटॅनियम, २.७ आलं तर ॲल्युमिनियम, ८ आलं तर स्टील.

पण गॅस नेणार कसा?

हे भांड्याच्या किमतीपेक्षा महत्त्वाचं आहे. डिलाईल रोडवरून आपण करी रोड किंवा चिंचपोकळीला लोकल पकडतो, दादरला बदलून कसारा नाहीतर कर्जत गाठतो. रेल्वेत गॅसचा कॅन किंवा स्पिरिट नेणं हा गुन्हा आहे, आणि रेल्वे कायद्यात त्यासाठी कैदेचीही तरतूद आहे. गर्दीच्या डब्यात आग लागली तर काय होईल, ते वेगळं सांगायला नको. विमानातही गॅसचा कॅन चालत नाही, ना केबिनमध्ये ना चेक-इन बॅगेत.

लाकडं पेटवू म्हणाल, तर राखीव जंगलात आणि अभयारण्यात आग लावणंही गुन्हाच. हरिश्चंद्रगड कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यातच येतो.

म्हणून सह्याद्रीतल्या शनिवार-रविवारच्या ट्रेकला बहुतेक वेळा भांडंच लागत नाही. पाचनई, रतनवाडीसारख्या पायथ्याच्या गावांत घरगुती पिठलं-भाकरी मिळते. पैसे त्या घरात जातात आणि तुमची सॅक हलकी राहते. ग्रुपने गावात अंगणात स्वयंपाक करायचाच असेल, तर घरातला तीन-चार लिटरचा ॲल्युमिनियमचा टोप आणि सांडशी पुरेशी आहे.

टायटॅनियमचं भांडं खरं कामाला येतं ते हिमालयात. आठवडाभर स्वतःचं सामान स्वतः वाहायचं, जेवण म्हणजे उकळतं पाणी ओतून तयार होणारं पाकीट, आणि गॅसचा कॅन मनाली किंवा लेहमध्ये पोचल्यावर विकत घ्यायचा. असा ट्रेक ठरला असेल तर पैसे जरूर घाला. नसेल ठरला, तर तेच पैसे चांगल्या बुटांवर घाला.