समुद्रकाठचा बंगला : इसार देण्यापूर्वी

कार्तिकी पौर्णिमेला चातुर्मास पूर्ण होतो, पाठोपाठ लग्नसराई सुरू होते आणि तिच्या धामधुमीतून कुटुंबाला एकत्र बसण्याची पहिली मोकळीक मिळते ती बहुधा डिसेंबरच्या अखेरीस, मुलांच्या नाताळच्या सुट्टीत. पूर्वी अशा वेळी एखाद्या तीर्थक्षेत्राची यात्रा ठरे आणि उतरण्याची सोय तेथील धर्मशाळेत होई. यात्रा आजही होते. परंतु तिच्या जोडीला आता आणखी एक प्रघात रुळला आहे. चार भावांचे कुटुंब मिळून समुद्राजवळचा, पोहण्याचा तलाव असलेला एखादा आधुनिक बंगला दोन-तीन रात्रींसाठी भाड्याने घेते. नवी पिढी त्याला ‘व्हिला’ म्हणते.

मुंबई-पुण्याच्या कुटुंबांसाठी अशा बंगल्यांचे माहेरघर म्हणजे अलिबाग तालुका. मांडवा, सासवणे, आवास, किहीम, झिराड, थळ, नागाव या गावांतील नारळी-पोफळीच्या वाड्यांमध्ये असे बंगले उभे राहिले आहेत. मार्च २०२०मध्ये भाऊच्या धक्क्यावरून मांडव्यापर्यंत रो-रो बोट सुरू झाली आणि मोटारगाडीसह तासाभरात खाडीपार जाता येऊ लागले. जानेवारी २०२४मध्ये अटल सेतू खुला झाल्यावर रस्त्याचा प्रवासही आटोपशीर झाला. पुण्याची मंडळी खोपोली-पेणमार्गे येतात. जाणे सुलभ झाले, तसे आरक्षणही सुलभ झाले. भ्रमणध्वनीवर छायाचित्रे पाहावीत, रक्कम पाठवावी, काम संपले. नेमकी येथेच बहुतेक कुटुंबांची गल्लत होते.

धर्मशाळेत व्यवस्थापक असतो, भोजनशाळा असते, सूर्यास्तापूर्वी जेवणाची घंटा होते. हॉटेलात चोवीस तास कोणीतरी स्वागतकक्षात उभे असते. भाड्याच्या बंगल्यात यांपैकी काहीच नसते. किल्ली देणारा एक राखणदार असतो, आणि तोही सायंकाळी आपल्या घरी जातो. स्वयंपाकघर, पाणी, तलाव, मुलांची सुरक्षितता या सर्वांची जबाबदारी किल्ली हाती येताच भाडेकरू कुटुंबाकडे येते. ती पेलण्याची तयारी इसार देण्यापूर्वीच करावी लागते, नंतर नव्हे.

जैन कुटुंबाचा पहिला प्रश्न अर्थातच स्वयंपाकघराचा. ‘येथे शाकाहारी जेवण मिळेल का?’ असे विचारून भागत नाही, कारण त्याचे उत्तर नेहमीच होकारार्थी येते. विचारायचे ते असे की, या स्वयंपाकघरात मांस-मासळी शिजते का? मागच्या पाहुण्यांनी आणलेली मासळी याच शीतकपाटात ठेवली जाते का? समुद्रकाठी हे स्वाभाविक आहे आणि त्यात बंगल्याच्या मालकाला दोष देण्याचे कारण नाही. काही मालक आपल्या वास्तूत सामिष स्वयंपाकास अजिबात परवानगी देत नाहीत. असा बंगला मिळाल्यास भाडे थोडे अधिक पडले तरी घरातील वडीलधाऱ्यांच्या मनःशांतीच्या हिशेबात ते स्वस्तच म्हणावे. तसा न मिळाल्यास आपली पातेली, तवा, पोळपाट-लाटणे आणि दोन शेगड्या गाडीत टाकाव्यात. बंगल्यातील शेगडी बहुधा चार माणसांच्या घराला पुरेल अशी असते. सोळा जणांच्या पोळ्या तिच्यावर करावयाच्या म्हणजे गृहिणींची सुट्टी चुलीपुढेच जाते. तलावाकाठची कोळशाची जाळी मात्र कितीही घासलेली दिसली तरी वापरू नये.

राखणदाराच्या घरची मंडळी अनेक ठिकाणी स्वयंपाक करून देतात. त्यांच्या हाताला चव असते आणि वालाची उसळ, सोलकढी यांसाठी तर त्यांनाच विनंती करावी. परंतु ‘जैन जेवण’ या शब्दाचा अर्थ त्यांच्या लेखी कांदा-लसूण वर्ज्य एवढाच असतो. मग बटाटा, गाजर, ओले आले पानात हमखास येते आणि जेवताना आजींचा हात थांबतो. म्हणून वर्ज्य पदार्थांची यादी मराठीत, स्वच्छ अक्षरांत लिहून आठवडाभर आधी पाठवावी. बटाट्याऐवजी कच्ची केळी, आल्याऐवजी सुंठ असे पर्यायही लिहावेत. मुक्कामात अष्टमी किंवा चतुर्दशी येत असेल तर हिरवी भाजी नको हेही त्यात यावे. अलिबागचा पांढरा कांदा प्रसिद्ध आहे, त्यामुळे ‘थोडासा घातला तर चालेल ना?’ हा प्रेमळ आग्रह होणारच. त्याला नम्र नकार देण्याची तयारी ठेवावी. पिण्याच्या पाण्याचीही चौकशी हवी. किनाऱ्यालगतच्या विहिरींना पुष्कळदा मचूळ पाणी असते. उकळलेलेच पाणी घेणाऱ्यांसाठी मोठे भांडे, गाळणे आणि गोड्या पाण्याचे जार यांची सोय आधी लावलेली बरी.

याहून अवघड आहे तो घड्याळाचा हिशेब, आणि तो आरक्षणाच्या वेळी कोणाच्याच ध्यानात येत नाही. बंगल्याचा ताबा सामान्यतः दुपारी दोनला मिळतो. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात अलिबागला सूर्यास्त सहानंतर अवघ्या काही मिनिटांत होतो. म्हणजे गाडीतून उतरणे, स्वयंपाकघर धुऊन घेणे, सामान लावणे, सोळा जणांचा स्वयंपाक आणि सर्वांचे जेवण एवढे सारे चार तासांत. त्यात रो-रो चुकली किंवा वडखळला वाहतूक तुंबली, तर रात्रिभोजनाचा त्याग पाळणाऱ्या आजी-आजोबांना त्या रात्री उपाशी निजावे लागते, आणि मग घरात कोणालाच घास गोड लागत नाही. व्यापारी कुटुंबांत स्वयंपाकासाठी महाराज सोबत नेण्याची पद्धत आहे. ती असल्यास महाराजांना सकाळीच पुढे पाठवावे आणि केवळ स्वयंपाकघराचा ताबा दुपारी बारालाच मिळावा, अशी अट लेखी मान्य करून घ्यावी. आदल्या रात्री बंगला रिकामा असेल तर मालक सहसा नाही म्हणत नाहीत. महाराजांच्या निजण्याची जागा आणि त्यांची गणना पाहुण्यांत होते की नाही, हेही तेव्हाच विचारावे. एरवी जादा माणसाचे पैसे शेवटच्या दिवशी बिलात दिसतात. सकाळचे त्या मानाने सोपे. सूर्योदयच सात वाजून गेल्यावर, त्यामुळे नवकारशी आठच्या सुमारास, आणि तोवर मुले उठलेलीही नसतात.

मुले उठतात ती थेट तलावाकडे धावतात. घरातील काही ज्येष्ठांना तलावात उतरणे रुचत नाही. अनगळ पाण्यात डुंबण्याविषयी त्यांच्या मनात असलेला संकोच तरुणांनी थट्टेवारी नेऊ नये. उलट काठावर बसणाऱ्या या मंडळींचीच तलावाला खरी गरज असते, कारण या तलावावर जीवरक्षक नसतो. सार्वजनिक जलतरण तलावावर शिट्टी घेऊन उभा असलेला माणूस येथे कुटुंबानेच नेमावयाचा आहे.

तलाव केवळ चार फूट खोल आहे, असे मालक सांगतात आणि आई-वडिलांची चिंता मिटते. परंतु सहा वर्षांच्या मुलाची उंची साधारण पावणेचार फूट असते. चार फूट पाणी त्याच्या डोक्यावरून जाते. शिवाय बुडणारे मूल चित्रपटातल्याप्रमाणे हात हलवून ओरडत नाही; तोंड पाण्याखाली असते, आवाज फुटत नाही, आणि दहा पावलांवर गप्पा मारत बसलेल्या मोठ्यांना काही कळतही नाही. ‘सगळेच इथे आहेत’ या वाक्यात धोका आहे. सगळे असतात तेव्हा लक्ष कोणाचेच नसते. म्हणून अर्ध्या-अर्ध्या तासाची पाळी लावावी; ज्या काकांची किंवा काकूंची पाळी असेल त्यांनी भ्रमणध्वनी दुसऱ्याकडे देऊन केवळ पाण्याकडे पाहावे. हवा भरलेली चक्रे आणि बदके ही खेळणी आहेत, रक्षणाची साधने नव्हेत. लांब केस असलेल्या मुलींनी ते घट्ट बांधूनच उतरावे, कारण तळाशी पाणी खेचणाऱ्या झाकणात केस अडकू शकतात. ते झाकण तुटलेले असेल तर कोणालाच उतरू देऊ नये. आणि दुपारी सर्वजण निजतात तेव्हा दिवाणखान्यातून तलावाकडे उघडणारे काचेचे दार आतून, मुलांचा हात पोहोचणार नाही अशा उंचीवर, बंद करता येते का? हा एक प्रश्न आरक्षणापूर्वी विचारावाच. त्याचे उत्तर नकारार्थी असेल आणि घरात लहान मूल असेल, तर दुसरा बंगला पाहावा. येथे भाडे, सजावट, समुद्राचे दर्शन यांपैकी कशाचाही विचार करू नये.

पाण्याची परीक्षा सोपी आहे. पंचवीस फूट लांब, बारा फूट रुंद आणि चार फूट खोल तलावात १२०० घनफूट, म्हणजे सुमारे ३४ हजार लिटर पाणी मावते. एवढे पाणी प्रत्येक पाहुण्यागणिक बदलले जात नाही, बदलणे शक्यही नाही. ते गाळणीतून फिरवून आणि क्लोरीन घालून स्वच्छ ठेवतात. काठावरून तळाची जाळी लख्ख दिसली पाहिजे. पाणी गढूळ किंवा हिरवट असेल, किंवा डोळे चुरचुरावेत असा उग्र दर्प येत असेल, तर निगा नीट नाही असे समजावे. लिटरमागे १ ते ३ मिलिग्रॅम क्लोरीन आणि ७.२ ते ७.८ सामू हे योग्य प्रमाण मानले जाते. ते दाखवणाऱ्या कागदी पट्ट्या बाजारात मिळतात. वीज गेल्यावर गाळणीचा पंप जनित्रावर चालतो का, हेही विचारावे.

दुर्दैवाने काही घडलेच, तर मुलाला उलटे धरून पोटातील पाणी काढण्यात क्षणही दवडू नये. श्वास थांबला असेल तर तोंडाने श्वास देणे आणि छातीवर दाब देणे तात्काळ सुरू करावे. दुसऱ्याने १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. कुटुंबातील एका तरुणाने हे प्रशिक्षण घेतलेले असावे. जिल्हा सामान्य रुग्णालय अलिबाग शहरात आहे. बंगल्यापासून तेथवरचा रस्ता पहिल्याच सायंकाळी पाहून ठेवावा.

आता पैशाचे. दर रात्रीचा सांगितला जातो, खर्च मात्र एकूण करावा लागतो. समजा, सोळा जणांसाठी बंगल्याचे भाडे रात्रीस ४०,००० रुपये आहे. दोन रात्रींचे ८०,००० झाले. एका दिवसाचे मूल्य ७,५०० रुपयांहून अधिक असल्याने वस्तू व सेवा कर १८ टक्के, म्हणजे १४,४००. एकूण ९४,४००, माणशी ५,९००. यात जेवण नाही, जादा गाद्या नाहीत, अनामत रक्कम वेगळी. मालकाची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असून त्याने नोंदणी केलेली नसेल, तर त्याला कर आकारण्याचा अधिकारच नाही. आरक्षण एखाद्या मोठ्या संकेतस्थळामार्फत झाल्यास मात्र तो कर संकेतस्थळाने भरावयाचा असतो. कर मागितला गेल्यास पावतीवर नोंदणी क्रमांक पाहावा, हे व्यापाऱ्यांना सांगणे नको.

सांगावयाचे ते दुसरेच. ‘बिल पेढीच्या नावाने काढा’ ही सूचना अशा वेळी कोणीतरी करतेच. कौटुंबिक उपभोगाच्या खर्चावरील कराची वजावट, म्हणजे इनपुट टॅक्स क्रेडिट, कायद्याने मिळत नाही. बंगला गोव्यात असेल तर कर गोव्याचा लागतो, आणि महाराष्ट्रात नोंदलेल्या पेढीला तो खऱ्या व्यावसायिक कामासाठी भरला तरी वजा करून घेता येत नाही. यातून आणखी एक तोटा संभवतो. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार व्यापारी हेतूने सेवा घेणारा ‘ग्राहक’ ठरत नाही. बंगला वेगळाच निघाला, अनामत अडकली आणि दाद मागण्याची वेळ आली, तर पेढीच्या नावाचे बिल हेच समोरच्या पक्षाच्या वकिलाचे हत्यार होईल. व्यक्तीच्या नावाने पावती असेल, तर तक्रारदार जेथे राहतो तेथील जिल्हा आयोगाकडेच तक्रार करता येते. अलिबागला खेटे घालावे लागत नाहीत. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक साहाय्य क्रमांकावर नोंद करून पाहावी.

सुट्टीच्या हंगामात खोटे बंगलेही भाड्याने दिले जातात. छायाचित्रे दुसऱ्याच्या वास्तूची, दर बाजारापेक्षा बराच कमी, आणि ‘आणखी दोघे रांगेत आहेत, तासाभरात इसार पाठवा’ अशी घाई. ज्याच्या खात्यात रक्कम जाणार त्याचे नाव आणि पावती देणाऱ्याचे नाव एकच आहे का, हे पाहावे. चालू चित्रसंवादावर बंगल्याचे फाटक, स्वयंपाकघर व तलाव सलग दाखवण्यास सांगावे. अलिबागला कोणी परिचित असल्यास त्यांना प्रत्यक्ष पाठवण्यासारखे दुसरे काही नाही. संपूर्ण रक्कम आगाऊ देऊ नये. रद्द केल्यास किती दिवस आधी किती परत मिळेल, बोट वा रस्ता बंद पडल्यास काय, हे संदेशात लिहून घ्यावे. फसवणूक लक्षात येताच १९३० क्रमांकावर कळवावे; पहिल्या काही तासांत रक्कम गोठवली जाण्याची शक्यता अधिक असते.

अनामत परत घेतानाही सावध राहावे. ‘हा चौकोन स्कॅन करा आणि गुप्त क्रमांक टाका, पैसे जमा होतील’ असे कोणी म्हटल्यास ते नाकारावे. गुप्त क्रमांक पैसे देण्यासाठी लागतो, घेण्यासाठी कधीच नाही. ताबा घेतानाच सर्व खोल्यांची, भांड्यांची व विजेच्या मीटरची चित्रफीत राखणदारासमक्ष काढावी आणि मालकाला लगेच पाठवावी. आधीच तडकलेल्या काचेचे पैसे मग कोणी मागत नाही.

हिवाळ्यात अलिबागकडे वालाच्या शेंगा मडक्यात भरून, भांबुर्ड्याच्या पाल्याने तोंड बंद करून पोपटी भाजतात. तीत अंडी, बटाटे किंवा मांस घालण्याची रीत आहे आणि ती रात्री शेकोटीभोवती रंगते. परंतु नवे मडके आणून, केवळ शेंगा, कच्ची केळी, ओवा व मीठ घालून ती दुपारी चारलाही लावता येते. अर्ध्या-पाऊण तासात वास सुटतो, पाच वाजता मडके उघडते आणि आजींसह सर्वांना सूर्य पाण्यावर असतानाच त्या शेंगा सोलून खाता येतात. राखणदाराला आदल्या दिवशी सांगून ठेवावे. मडके आणि पाला तो आणून देतो. त्याचे पैसे त्याच्याच हाती द्यावेत.